पागडीवरचा बल्ब

वायफायवर चालणाऱ्या बल्बच्या खोक्यावर समोर ठळक अक्षरांत लिहिलेलं असतं: १ कोटी ६० लाख रंग. खोकं उलटं केलं की तळाशी मुंगीएवढ्या टायपात आणखी एक ओळ सापडते. हा बल्ब वापरण्यासाठी स्मार्टफोन, कंपनीचं ॲप, इंटरनेट आणि नोंदणी केलेलं खातं आवश्यक आहे. रंगांच्या ओळीची समीक्षा करण्यात काही हशील नाही. ती जाहिरात आहे, आणि घरात आपण शेवटी दोनच रंग वापरतो, पांढरा आणि पिवळट. तळाची ओळ मात्र गेली काही वर्षं माझा पिच्छा सोडत नाही. घरगुती वस्तूंबद्दल अलीकडे लिहिलं गेलेलं सर्वांत महत्त्वाचं वाक्य तेच असावं. कारण त्या वाक्याने 'विकत घेणं' या क्रियापदाचा अर्थ बदलून टाकला, आणि तो बदलताना आपल्याला कुणी विचारलं नाही.

'आवश्यक' म्हणून सांगितलेल्या चार गोष्टींपैकी एकही खोक्यात नसते. फोन तुम्ही आणायचा. नेटचं बिल तुम्ही भरायचं. खातं तुमच्या नावाचं, पण ते चालू ठेवायचं की बंद करायचं हे कंपनी ठरवणार. ॲप तर कंपनीला परवडेल तोवरच. म्हणजे दुकानात पूर्ण किंमत मोजून तुम्ही घरी आणता ती काच, प्लास्टिक आणि आत एक चिप. तिला उजेड पाडायला लावण्याचा हक्क वेगळा, आणि तो विकायला ठेवलेलाच नाही.

आता जोडणीचा सोहळा. ॲप उतरवा, मोबाईल नंबर द्या, ओटीपी टाका, न वाचलेल्या अटी मान्य करा. मग ॲप लोकेशनची परवानगी मागतं. बल्बला माझा पत्ता कशाला हवा? याला एक तांत्रिक कारण आहे. आसपासची वायफाय आणि ब्लूटूथ उपकरणं कोणती, यावरून माणूस कुठे आहे ते कळू शकतं, म्हणून अँड्रॉइडने बरीच वर्षं असा शोध घेण्यासाठी लोकेशनची परवानगी सक्तीची ठेवली होती. कारण खरं आहे. पण जोडणी झाल्यावर 'आता ही परवानगी काढून घ्या' असं सांगणारं ॲप मला अजून भेटलेलं नाही. पुढची पायरी २.४ गिगाहर्ट्झची. स्वस्त उपकरणांतल्या बहुतेक चिपांना तेवढाच वायफाय पट्टा कळतो, आणि आपले फायबरवाले राउटर अनेकदा दोन्ही पट्टे एकाच नावाने सोडतात. मग बल्ब लुकलुकत बसतो, ॲपमधलं चक्र फिरत राहतं आणि घरातलं कुणीतरी म्हणतं, 'जाऊ दे, ट्यूबलाइट लाव.'

जोडणी झाली की काय होतं, तेही पाहू. अंथरुणात पडल्या पडल्या तुम्ही ॲपमधलं बटण दाबता. अनेक स्वस्त उपकरणांत तो संदेश फोनमधून राउटरकडे, तिथून कंपनीने भाड्याने घेतलेल्या कुठल्यातरी सर्व्हरकडे, तिथून परत त्याच राउटरकडे आणि मग चार हातांवरच्या बल्बकडे जातो. द्राविडी प्राणायाम हा शब्द आपल्याकडे तयारच आहे. टीव्हीचा साधा रिमोट हेच काम इन्फ्रारेड किरणांनी खोलीतल्या खोलीत करतो. त्याने कधी नंबर मागितला नव्हता.

ही लांबची वाट कुठेतरी तुटली की काय होतं, याची उदाहरणं आता जमली आहेत. ७ डिसेंबर २०२१ला ॲमेझॉनच्या अमेरिकेतल्या सर्व्हरांत बिघाड झाला, तेव्हा लोकांच्या रिंग दारघंट्या आणि रुंबा हे फिरते झाडू ॲपला जुमानेनासे झाले. २० ऑक्टोबर २०२५ला, आपल्याकडे नरकचतुर्दशी होती त्या दिवशी, पुन्हा तसाच बिघाड झाला. यावेळी एट स्लीप या कंपनीच्या पलंगांवर झोपलेले लोक अडकले. दोन हजार डॉलरहून महाग असलेली ही यंत्रणा अंथरुणाचं तापमान आणि पलंगाचा चढउतार सांभाळते. कुणाचं अंथरुण तापलेलंच राहिलं, कुणाचा पलंग वर उचललेला तो खाली येईना. त्यानंतर कंपनीने नेट नसतानाही पलंग चालेल अशी सोय दिली. ती देता येत होती, याचाच हा पुरावा.

पण बिघाड हा माझ्या तक्रारीचा गाभा नाही. सगळं सुरळीत चालू असतानाही या वस्तूंनी घरातलं काहीतरी हलवलं आहे. भिंतीवरचं बटण कुणाच्या नावावर नसतं. आजी ते दाबते, पाच वर्षांचं पोर चवड्यांवर उभं राहून दाबतं, कामाला येणाऱ्या मावशी दाबतात, पाहुणेही न विचारता दाबतात. ॲपमधलं बटण एका फोनात, एका खात्यात, एका ओटीपीच्या मागे असतं. ज्याचं खातं तो घरातल्या उजेडाचा मालक, बाकीचे विनंती करणारे. 'फॅमिली शेअरिंग' नावाची सोय असते, पण त्यासाठी आजीचंही खातं हवं. आणि मावशींना फॅमिलीत कोण घेतं?

शिवाय ही यंत्रं ज्या घराची कल्पना करून बनवलेली असतात ते घर आपलं नसतं. आपल्याकडे झोपताना किंवा बाहेर पडताना बटणं बंद करायची सवय आहे. बटण बंद केलं की स्मार्ट बल्ब 'ऑफलाइन' होतो आणि ॲप तक्रार करतं. रात्री तीनला वीज जाऊन परत आली की अनेक बल्ब कारखान्याच्या सेटिंगनुसार लख्ख पेटून उठतात आणि सगळं घर जागं होतं. नंबर बदलला तर ओटीपी जुन्या नंबरावर जातो, आणि तो नंबर काही महिन्यांनी दुसऱ्याच कुणाच्या हातात असतो.

या सगळ्या व्यवहाराला नाव काय द्यायचं? खरेदी म्हणावं तर हक्क नाही, भाडं म्हणावं तर पूर्ण किंमत मोजलेली. मुंबईच्या जुन्या चाळींत राहिलेल्यांना मात्र हा प्रकार ओळखीचा वाटेल. तिथे त्याला पागडी म्हणतात. पागडीची खोली घेणारा सुरुवातीलाच मोठी रक्कम मोजतो, खोली जवळपास विकत घेतल्यासारखीच. नंतर दरमहा नाममात्र भाडं भरतो. तरीही मालक दुसराच असतो. खोली पुढे दुसऱ्याला द्यायची तर मालकाची संमती लागते आणि त्याचा वाटा द्यावा लागतो, अनेकदा तिसऱ्या हिश्शाच्या आसपास. आपला स्मार्ट बल्ब, कॅमेरा, व्यायामाची सायकल ही सगळी पागडीवर आहेत.

ही उपमा ओढूनताणून आणलेली वाटत असेल, तर मालकाचा वाटा बघा. ऑगस्ट २०२४मध्ये पेलोटन या कंपनीने अमेरिका आणि कॅनडात नियम केला: आमची व्यायामाची सायकल कुणी जुन्या बाजारातून घेतली, तर ती आमच्या वर्गांना जोडण्यासाठी नव्या माणसाने ९५ डॉलर भरायचे. सायकल पहिल्याने पूर्ण पैसे देऊन घेतलेली, दुसऱ्याने पहिल्याला पैसे दिलेले, वाटा मात्र तिसऱ्याचा. त्याच वर्षी तान्ह्या बाळाला आपोआप झोके देणाऱ्या 'स्नू' पाळण्याच्या काही सोयी दरमहा वर्गणीमागे गेल्या. पाळणा कंपनीकडून नवा घेतलेल्यांना काही महिने त्या फुकट, दुसऱ्या हाताने घेतलेल्यांनी मात्र पैसे भरायचे. पाळण्यासारखी वस्तू आपल्याकडे बहिणीकडून बहिणीकडे, चुलतघरातून मावसघरात फिरते. तिच्या त्या फिरण्यावरच कर बसला.

आता इमारत पडण्याचं बघा. रिव्हॉल्व नावाचा एक डबा २९९ डॉलरना मिळायचा. घरातली सगळी स्मार्ट उपकरणं तो एकत्र चालवायचा आणि सोबत 'आजीवन' सेवेचं आश्वासन होतं. २०१४मध्ये गुगलच्या नेस्टने ती कंपनी विकत घेतली आणि १५ मे २०१६ला सर्व्हर बंद केले. डबे एका दिवसात मुके झाले. आजीवन म्हणजे कुणाचं जीवन, हे आधी विचारायला हवं होतं. एप्रिल २०२२मध्ये इन्स्टिऑन या जुन्या कंपनीचे सर्व्हर न सांगता बंद पडले. घरमालकांना ते कळलं दिवे ॲपला प्रतिसाद देईनात तेव्हा.

असं का होतं? कंपन्या दुष्ट आहेत म्हणून, हे उत्तर सोपं पण अपुरं आहे. चाळींकडे बघितलं की खरं कारण दिसतं. पागडी एकदाच मिळते आणि भाडं गोठलेलं राहतं, पण छप्पर दर पावसाळ्यात गळतं. मालकाला डागडुजीत रस उरत नाही. तेच इथे. बल्बचे पैसे एकदाच मिळतात, सर्व्हरचं भाडं मात्र कंपनीला दर महिन्याला भरावं लागतं. वस्तू जितकी टिकाऊ तितका तोटा मोठा. मग तीन वाटा उरतात. सर्व्हर बंद करायचे, वर्गणी लावायची, नाहीतर ग्राहकाकडूनच काहीतरी विकण्याजोगं मिळवायचं. अमेरिकेतल्या व्हिझिओ कंपनीने तिसरी वाट धरली. तिचे टीव्ही लोक काय बघतात याची माहिती त्यांच्या संमतीविना गोळा करून पुढे विकत होते. १ कोटी १० लाख टीव्हींचं हे प्रकरण फेब्रुवारी २०१७मध्ये २२ लाख डॉलर भरून मिटलं. म्हणजे टीव्हीमागे जेमतेम वीस सेंट.

माझ्या स्वतःच्या वाट्याला आलेला प्रकार याहून किरकोळ आहे, पण जातीने तोच. गावच्या घरी आईबाबांसाठी मी एक कॅमेरा बसवला. रेकॉर्डिंग त्यातल्याच मेमरी कार्डावर होतं, कार्ड मी वेगळे पैसे देऊन आणलेलं. एका अपडेटनंतर कार्डावरचं जुनं रेकॉर्डिंग उघडायच्या आधी ॲप जाहिरात दाखवू लागलं, आणि जाहिरात नको असेल तर महिन्याची वर्गणी. आईने फोनवर विचारलं, 'अगं, कॅमेरा आपला, कार्ड आपलं, अंगणही आपलंच. मग ही बाई मध्येच साबण का विकतेय?' आपलीच मोरी अन् मुतायची चोरी, ही म्हण ज्याने पहिल्यांदा उच्चारली त्याच्याकडे वायफाय नव्हतं, पण त्याला हा अनुभव पुरता ठाऊक होता.

साहित्याने हे आधी पाहिलं होतं का? दोन उदाहरणं मला महत्त्वाची वाटतात, आणि दोन्हींत काय निसटलं तेही. फिलिप के. डिकच्या 'युबिक' या १९६९च्या कादंबरीत जो चिप नावाच्या कफल्लक माणसाला त्याच्याच घराचं दार पैसे दिल्याशिवाय बाहेर सोडत नाही. तो हुज्जत घालतो, तेव्हा दार त्याला खरेदीच्या कराराची आठवण करून देतं. तो करार काढून बघतो, आणि अट खरंच तिथे असते. मग तो सुरी घेऊन कडीचे स्क्रू काढायला बसतो. हा प्रसंग आज भविष्यवाणी म्हणून वारंवार सांगितला जातो, पण मला त्यातली जुनी वाटणारी गोष्ट अधिक बोलकी वाटते. डिकचं दार प्रामाणिक आहे. ते तोंडावर पैसे मागतं, किती ते सांगतं. आपल्या वस्तू पैशाचं नाव काढत नाहीत. त्या फक्त नंबर मागतात, परवानगी मागतात, 'अनुभव सुधारण्यासाठी' म्हणतात. आणि डिकच्या दाराला स्क्रू होते. आजचं कुलूप सॉफ्टवेअरमध्ये असतं आणि अमेरिकेत १९९८च्या कॉपीराइट कायद्यामुळे असं डिजिटल कुलूप फोडणं हीच कायदेशीर जोखीम झाली.

दुसरं उदाहरण कोरी डॉक्टरोची २०१९ची दीर्घकथा 'अनऑथराइज्ड ब्रेड'. निर्वासित म्हणून आलेल्या सलीमाच्या घरातला टोस्टर फक्त कंपनीने मान्य केलेलाच पाव भाजतो, आणि एके दिवशी तोही भाजेनासा होतो, कारण कंपनीचं दिवाळं निघालेलं असतं. सलीमा टोस्टरचं कुलूप फोडायला शिकते. कथेचा जोर या फोडण्यावर आहे आणि तिथेच ती मला थोडी कमकुवत वाटते. कुलूप फोडणारी हुशार नायिका वाचायला छान, पण एखादीच्या हुशारीवर टिकणारा हक्क बाकीच्या इमारतीच्या कामाचा नसतो. डॉक्टरोचं खरं यश दुसरीकडे आहे. सलीमाने तो टोस्टर निवडलेलाच नसतो. तो स्वस्त फ्लॅटबरोबर आलेला असतो. 'नको असेल तर घेऊ नका' हा बाजाराचा लाडका युक्तिवाद त्या एका तपशिलात गळून पडतो. पुण्या-ठाण्याच्या नव्या टॉवरांच्या जाहिरातीत 'स्मार्ट होम' हे जलतरण तलावाच्या शेजारी छापलेलं असतं. अशा घरात पुढे भाड्याने येणाऱ्याला कुलूप कुठलं हवं, हे कुणी विचारणार नाही.

दुसरी बाजूही मांडायला हवी. ज्याला दिसत नाही किंवा अंथरुणावरून उठता येत नाही, त्याच्यासाठी आवाजावर लागणारा दिवा ही चैन नाही. दोनशे किलोमीटरवरून आईबाबांचं अंगण दिसतं, याचं मोल मला कळतं. म्हणून तर तो कॅमेरा अजून तिथे आहे. दूरवरून वस्तू चालवायची तर मध्ये कुठलातरी सर्व्हर सहसा लागतोच. माझा आक्षेप ॲप असण्याला नाही. ॲपशिवाय काहीच नसण्याला आहे. खोलीत उभं राहून बटण दाबता यावं, नेट नसताना गिझर तापावा, कंपनी बुडाली तरी दिवा लागावा. हे तंत्रज्ञानाला अवघड नाही. २०२२च्या ऑक्टोबरमध्ये आलेलं 'मॅटर' हे मानक घरातल्या घरात, बाहेरच्या सर्व्हरविना उपकरणं चालवता यावीत अशाच बेताने आखलेलं आहे. होम असिस्टंट हे मोफत सॉफ्टवेअर त्याआधी कितीतरी वर्षं हेच करत आलं आहे. अडचण धंद्याची आहे, चिपची नाही.

पागडीची उपमा एका ठिकाणी मोडते, आणि ते ठिकाण आपल्या गैरसोयीचं आहे. पागडीच्या भाडेकरूच्या मागे कायदा होता. १९४७च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने पागडी घ्यायला बंदी केली होती, तरी ती चालत राहिली. पण त्याच कायद्यामुळे मालकाला वाटेल तेव्हा भाडं वाढवता येईना की भाडेकरूला बाहेर काढता येईना. १९९९च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने पागडीलाही मान्यता दिली. भाडेकरू कोर्टात जाऊन उभा राहू शकत होता, आणि पिढ्यानपिढ्या उभा राहिला. तुमचा बल्ब एका अपडेटने बंद पडला तर तुम्ही कुठे उभे राहणार?

कागदावर काही आधार आहेत. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात 'अनुचित करार' ही कल्पना आली. वाजवी कारणाशिवाय करार एकतर्फी संपवण्याची मुभा एकाच बाजूला देणारी अट त्यात मोडते. पण करार अनुचित आहे असं सांगायचं तर दाद जिल्हा आयोगाकडे नाही, राज्य आयोगाकडे मागावी लागते. हजार रुपयांच्या बल्बसाठी तिथवर कोण जाईल? २०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती कायद्यात संमती फक्त त्या कामाला लागेल तेवढ्याच माहितीपुरती धरावी, असं तत्त्व आहे. केंद्राने २४ डिसेंबर २०२२ला 'राइट टू रिपेअर'चं पोर्टल सुरू केलं. सुटे भाग आणि दुरुस्तीबद्दल बोलायला ते ठीक आहे, पण सर्व्हर हा सुटा भाग कोणत्या दुकानात मिळतो?

ब्रिटनने निदान एक बारीक पण कामाची गोष्ट केली. २९ एप्रिल २०२४पासून तिथे नेटला जोडणाऱ्या वस्तूच्या उत्पादकाला तिचे सुरक्षा अपडेट कमीत कमी कधीपर्यंत मिळतील ते सांगावंच लागतं. आपल्याकडे बिस्किटाच्या पुड्यावर तारीख असते, औषधाच्या पट्टीवर असते. बल्बच्या खोक्यावर, तळाच्या त्या ओळीशेजारी, ती का नसावी? अमेरिकेच्या व्यापार आयोगाने २०२४मध्ये १८४ स्मार्ट वस्तूंची संकेतस्थळं तपासली, तेव्हा त्यातल्या १६३ वस्तूंसाठी ही मुदत सापडलीच नाही. सांगितल्याशिवाय कंपन्या सांगणार नाहीत, एवढं त्यातून कळतं.

आणि कायदा येईपर्यंत? चाळींतल्या भाडेकरूंनी जे केलं ते इथेही थोडं घडलं आहे. पेबल हे घड्याळ बनवणारी कंपनी २०१६मध्ये विकली गेली आणि ३० जून २०१८ला तिच्या सेवा बंद झाल्या. त्याआधीच वापरकर्त्यांच्या 'रेबल' नावाच्या गटाने पर्यायी सर्व्हर उभा केला होता. घड्याळं चालत राहिली. जानेवारी २०२५मध्ये गुगलने त्या घड्याळाचं मूळ सॉफ्टवेअरही खुलं केलं. इन्स्टिऑनच्या बाबतीत तर वापरकर्त्यांच्याच एका लहान गटाने त्याच वर्षी जूनमध्ये कंपनी विकत घेतली आणि सर्व्हर पुन्हा चालू केले. पुढे त्यांनाही वर्गणी लावावी लागली. सोसायटी झाली की मेंटेनन्स आला. पण ती वर्गणी कशासाठी हे भरणाऱ्याला माहीत होतं, आणि मालक त्याच्यासारखाच एक वापरकर्ता होता.

प्रत्येकाला सर्व्हर उभा करता येणार नाही. दुकानात तीन प्रश्न मात्र विचारता येतात. राउटर बंद केला तर ही वस्तू काय काय करेल? कंपनी कोणत्या सालापर्यंत ती सांभाळणार आहे, आणि ते कुठे लिहिलंय? उद्या मी ही धाकट्या भावाला दिली, तर त्याला कुणाची परवानगी लागेल? विक्रेत्याला उत्तरं ठाऊक नसतील, बहुधा नसतातच. तेव्हा त्याच्याकडे साधा बल्ब मागायचा. तो अजूनही मिळतो, बहुतेक दुकानांत मागच्या फळीवर असतो, आणि त्याच्या खोक्यावर वॅट आणि किंमत सोडून वाचण्यासारखं फारसं काही नसतं.